रंगाची मोकळी जागा

४ ऑक्टोबर

आली! बॉर्डर आली! सकाळपासून जाडी लिहिली — तीन पिक्सेल. रंग लिहिला — लाल. तरी फोटोंभोवती काही दिसेना. प्रत्येक अक्षर चार वेळा तपासलं. स्पेलिंग माझं चुकत नाही. नववीत शाळा सुटली, ते सुटलं नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरून पेरिझात म्हणाली, "अरे, रेघ कसली ते सांगितलंस का? सलग? ठिपक्यांची? दुहेरी?"

सांगितलंच नव्हतं! सांगितलं नाही तर ब्राउझर रेघच काढत नाही. 'सॉलिड' एवढा एक शब्द टाकला आणि सहाही फोटो लाल चौकटीत! मी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"बस खाली," पेरिझात म्हणाली. "बिश्केकमध्ये वेब पेजं रोज होतात."

७ ऑक्टोबर

फोटो कोचकोर गावच्या सहा जणींचे, लोकर दाबून केलेल्या नमद्याचे गालिचे करतात त्यांचे. आमचे मालक सागिनदादा, आमच्या बोलीत सागिन बाइके, म्हणाले, "त्या या पेजला हो म्हणाल्या तर तू नोकरीत कायम. नाही म्हणाल्या तर पंधरा तारखेला रामराम."

तरी दिवसभर बॉर्डरीच! ठिपक्यांची केली — मुंग्यांची रांग. कोपरे गोल केले — तेलात तळून फुगलेले बोरसोक! हसू आवरेना. परत सॉलिड.

८ ऑक्टोबर

सहा जणींत थोरल्या बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई. त्यांना फोन केला — चौकटीला रंग कोणता देऊ?

"काठाचा रंग असा उभ्या उभ्या ठरतो होय, बाळा? विचार करून सांगते."

मी लाल खोडला. त्यांच्या रंगासाठी जागा मोकळी ठेवली. आपल्या मनचा कशाला लादायचा! पान बाइकेंकडे तपासायला पाठवलं.

९ ऑक्टोबर

मेलो.

मोकळी जागा मोकळी राहत नाही! रंग दिला नाही तर बॉर्डर अक्षरांचा रंग उचलते. अक्षरं काळी. बाइकेंनी न बघताच पान इंटरनेटवर सुरू करून टाकलं. काळ्या चौकटीत सहा बायका, खाली नाव आणि जन्मवर्ष — लोकांनी दुसरं काय समजावं?

सहांतल्या जुमागुल एजेंच्या मेव्हण्याने रिवाजाप्रमाणे फाटकापासूनच हंबरडा फोडला. त्या गाय दोहत होत्या. "कोण गेलं रे?" "तू!"

बाइके लालबुंद. "पाचच्या आत सगळ्या चौकटी लाल कर. एक जरी काळी राहिली तर खुर्ची सोड!"

त्याच दिवशी, चार वाजता

बुरुलचा एजेंचा फोन. शिव्या खायच्या तयारीनेच उचलला.

"माझी काळीच राहू दे. रविवारपर्यंत."

"एजे, पण तुम्ही जिवंत आहात!"

"ते मला माहीत आहे. फोटो मॉस्कोला पोचलाय, माझ्या कुबानकडे. सहा वर्षं जिवंत आईला भेटायला त्याला सुट्टी मिळत नाही. बघू या, मेलेलीला मिळते का!"

आणि हसल्या. मग हसता हसता थांबल्या. "बाळा, राहू दे."

पाच वाजले. पाच लाल. एक काळी. आणि मी हसतोय! वेडा झालोय!

१० ऑक्टोबर

पेरिझातला दिसलं. "एक राहिली."

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

ती चहा घेऊन बाइकेंच्या टेबलाशी गेली आणि स्क्रीनला पाठ लावून दोन तास त्यांच्याशी लग्नाच्या गप्पा मारत बसली. तिच्या लग्नाच्या! ठरलेलंच नाही!

११ ऑक्टोबर

बाइकेंनी बघितलं. चौकट स्वतः लाल केली. मला म्हणाले, "ऊठ."

रविवारला दोन दिवस होते.

१३ ऑक्टोबर, रविवार

फोन. अनोळखी पुरुषी आवाज. "आईभोवती काळी चौकट तूच ठेवलीस?"

"हो."

मागून बुरुलचा एजे — "कुबान, आधी जेव! मग भांड!"

त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "तुझ्या बाइकेंना आईने आत्ताच कळवलंय. सहाही जणी हो म्हणतायत. पण रंग भरायचा तो तूच, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आईने रंग ठरवलाय, लिहून घे."

लिहून घेतलं. तीन पिक्सेल. सॉलिड. निळा.