न पाहिलेलं ग्रहण

सिमानु महिना, तिथी २
आज बाबिलोनला पोचलो. देवळाच्या गच्चीवर चंद्र बघायची नोकरी लागली म्हणून वडील गावभर खजुराचं मद्य वाटत असतील. मी उतरलोय ज्येष्ठ निरीक्षक लबाशीकाकांकडे. त्यांनी आल्याआल्याच बजावलं, की रिमूत, चंद्राकडे बघ, शेजारणीच्या गच्चीकडे नको. आणि चंद्र दिसला नाही तर ‘दिसला नाही’ एवढंच लिही. देवळाच्या बागेतला म्हातारा माळी दुम्मुकू ओळखदेख नसताना काकड्या देऊन गेला. माणूस लाख मोलाचा.

तिथी १४
गणितानुसार आज ग्रहण. काका तापाने घरी, गच्चीवर मी एकटा. संध्याकाळपासून धुळीचं वादळ, चंद्र दिसलाच नाही. पण माझं पहिलंच ग्रहण, कोरी पाटी कशी द्यायची? गणितात होतं तेच ‘पाहिलं’ म्हणून ओल्या मातीवर कोरलं. कुणाचं काय बिघडणार आहे?

तिथी १६
ग्रहण दिसलं की राजाच्या जिवाला धोका. मग ते संकट अंगावर घ्यायला दुसऱ्याच कुणाला सिंहासनावर बसवतात आणि मुदत संपली की मारतात. मला हे ठाऊक होतं, तरी कोरलं. मुलुखभर धूळ होती. पाहिलं म्हणणारा मी एकटाच. सिंहासनावर दुम्मुकूला बसवलंय. बायकोला म्हणाला म्हणे, मुकुट टोचतोय गं, तू आपली काकड्यांना पाणी घाल.

तिथी २५
काकांना खरं सांगायला गेलो आणि उकाड्याबद्दल बोलून परत आलो. खोटी नोंद करणाऱ्याचा हात तोडतात. हात माझा, मान त्याची. आज दुम्मुकूने मला बोलावून विचारलं, की पोरा, तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना? मग माझं मरण फुकट नाही. मी हो म्हणालो.

दुऊझु महिना, तिथी ३
काल त्याला मारलं. मुकुटासकट पुरलं, राजासारखं. त्याची बायको काकड्या घेऊन आली होती. मी त्या खाल्ल्या. माझी मलाच किळस येते.

तिथी १३
चंद्राच्या कडेला काळं लागलंय. काका म्हणतात, चंद्र लख्ख आहे, झोप जरा.

तिथी १४
अर्धा गेला. खाली शहरभर चांदणं — अंधार फक्त या गच्चीवर. मातीचा वास. काकडीचाही —

चाचपडत कोरतोय. जिन्यावर कोणीतरी आहे. भिंतीला मुकुट घासतोय — हळूहळू वर येतोय. तोच प्रश्न, तितक्याच मायेने. पोरा, पाहिलंस ना?

तेव्हाच सांगायला हवं होतं. हात गेला असता, एवढंच — सांगतो. आता सांगतो. दुम्मुकूबाबा, त्या रात्री मी काहीच —