उतारा पूर्ण वाचून उत्तरे लिहा

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मन मोकळं होतं म्हणतात. माझं मोकळंच आहे, पण असो.
हिने लायब्ररीच्या माडीवरच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं, त्याला तीन महिने झाले. परवानगी मीच दिली. (ही नाव घालून आली, मग दिली.) आता जेवताना सर, आवराआवर करताना सर. सर म्हणाले, सर हसले. माझ्या पोटात दुखत वगैरे नाही. फक्त शिकवायला इतके पांढरे शर्ट कशाला लागतात, कळत नाही.

५ मार्च, बुधवार
मेव्हणीचा फोनवर लांबलचक मेसेज. आजवर असले मेसेज मीच हिला वाचून दाखवले. फापटपसारा गाळायचा आणि सार सांगायचं, ही माझी खुबी. मागच्या वर्षी तर हातभर मेसेज तीन शब्दांत उरकला होता: सगळे मजेत आहेत.
आज हिने फोन माझ्याकडे दिलाच नाही. बोट ठेवून स्वतः वाचला. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. शेवटी हसली. कशाला, ते सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा भात घेतला तो निव्वळ रागाने.

८ मार्च, शनिवार, दुपारी ३
ही बाजारात. टेबलावर हिची वही. दुसऱ्याची वही वाचू नये. उघडली. निबंध: 'मी वर्गात का आले'. पहिलंच वाक्य: 'सर फार छान वाचून दाखवतात.'
वही मिटली. इतकं स्वच्छ कळल्यावर पुढचं कशाला वाचायचं?
ठरलं. मीही वर्गात जाणार.

१० मार्च, सोमवार
चौकशी केली. आधी टेस्ट: वाचन, गणित, भाषा. मार्कांवरून लेव्हल. ही दुसऱ्या लेव्हलला. माझी पंचाईत अशी, की मनापासून लिहिलं तर थेट चौथीत जाईन, किंवा सरांच्याच खुर्चीत. म्हणून दहा उत्तरं मुद्दाम चुकवायची. मोठेपणा लपवणं सोपं नसतं.

१२ मार्च, बुधवार
टेस्ट दिली. परीक्षक बाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. उताऱ्यात एक बाई भरदुपारी दुकान बंद करते. का? पहिल्या ओळीतच ओळखलं: नवरा आजारी. गणितात पोत्यांची वजनं! वीस वर्षं गोदामात काट्यावर बसलेल्या माणसाला! सगळं अंदाजाने लिहिलं. भाषेसाठी रजेचा अर्ज लिहायचा होता. मी वर्ग कसा सुधारावा ते लिहिलं. मग दहा उत्तरं नीट खोडून चुकीची केली.
जिन्यात सर दिसले. केस पिकलेले, जरासे लंगडतात. सहानुभूती मिळवायचे प्रकार! शर्ट पांढराच.

१७ मार्च, सोमवार
पन्नासपैकी सात.
बाईंना बाजूला घेऊन दहा उत्तरांचं गुपित सांगितलं. त्यांनी पेपर काढला. म्हणाल्या, तुमची बरोबर आलेली सातही त्या दहांतलीच आहेत. मी म्हटलं, तपासण्यात घोळ असेल. त्या म्हणाल्या, तुम्हाला वाचता चांगलं येतं, पण पहिल्या ओळीवर थांबता आणि पुढचं मनाने घालता. दुकानदार बाई परीक्षेला निघाली होती. शेवटच्या ओळीत होतं म्हणे.
मला पहिली लेव्हल. हिला आजच तिसरी मिळाली. टेस्टची पद्धतच सदोष आहे, असं घरी सांगितलं. हिने वाद घातला नाही. चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. ते जास्त लागलं.

२० मार्च, गुरुवार
पहिला तास. पहिल्या लेव्हलला तिसरीतले लोक मदतीला येतात. आमच्या वाट्याला ही. शेजारी एक रंगारी, घरं रंगवतो. त्याच्यापाशी सात मिनिटं उभी राहिली, माझ्यापाशी पाच. रंगाऱ्याचे दात फार दिसतात.
मग उताऱ्याचा कागद दिला. तिसरीतल्या कोणाचा तरी निबंध सरांनी निवडलाय, म्हणाली. 'सर फार छान वाचून दाखवतात.' मी लगेच पेन उचललं. हिने माझं बोट धरून दुसऱ्या ओळीवर ठेवलं. शेवटपर्यंत वाचा, म्हणाली.
'ते एकही शब्द गाळत नाहीत. घरी माझा नवरा वाचून दाखवतो. तो गाळतो. मागच्या वर्षी बहिणीचं ऑपरेशन होतं. ये, भीती वाटते, असं तिने लिहिलं होतं. नवऱ्याने वाचलं, सगळे मजेत आहेत. मी गेले नाही. बहीण आता बरी आहे. पण म्हणून मी वर्गात आले.'
प्रश्न पहिला: बाई वर्गात का आली?
पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ही उभीच होती. पूर्ण वाक्यात लिहा, म्हणाली. लिहिलं.
तिने बरोबरची खूण केली आणि रंगाऱ्याकडे गेली. किती मिनिटं, ते बघितलं नाही.