कानटोपी : एकदा वापरा, फेकून द्या

२४ नोव्हेंबर
आजची तारीख जपून ठेवायची. पुढे मुलाखतीत विचारतील.

जेवताना बायको, म्हणजे सुकेशनी, कुरकुरत होती. ती नर्स आहे त्या राजेश्री मॅडमच्या लहान मुलांच्या दवाखान्यात कानात धरून ताप बघायचं मशीन आहे. एकाच्या कानातली घाण दुसऱ्याच्या कानात जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दर पेशंटला नवं प्लास्टिकचं कव्हर लागतं. ती कव्हरं संपलीत. कुरिअर हैदराबादहून निघालंय म्हणे, पण पोचत नाही.

माझा घास हातातच राहिला. कव्हर! पूर्णा स्टेशनच्या रोडवर इतकी वर्षं मी काय विकतोय? मोबाईलची कव्हरं! कव्हर या विषयावर परभणी जिल्ह्यात माझ्याइतका विचार कोणी केला असेल असं वाटत नाही.

सुकेशनीला सांगितलं. ती म्हणाली, आधी दुकानात गिऱ्हाईक आणा. वर आठवणही करून दिली की ३१ डिसेंबरपर्यंत दुकान सावरलं तर ठीक, नाहीतर शटर ओढायचं आणि परभणीला तिच्या भावाच्या, म्हणजे बन्सीधरच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात कामाला लागायचं. मेहुण्याच्या हाताखाली! माझ्या दुकानावर माझं नाव आहे. सिद्धोधन मोबाईल. ते मी उतरवू देणार नाही.

संकल्प : महिन्याच्या आत कव्हर. उद्या सकाळी सहाला उठणे.

२७ नोव्हेंबर
साडेआठला उठलो. झोपेतही काम चालू होतं, त्यामुळे चालतं.

मॅडमना विचारून सुकेशनीने जुनं मशीन घरी आणलं. टोकाला वाटाण्याएवढी काच. नाजूक, उघडी. डिझाईन करणाऱ्याने काडीचा विचार केलेला नाही.

मॉडेल नंबर एक : सिलिकॉनचं मोबाईल कव्हर कापून. जाड, शॉकप्रूफ, वर मोराचं चित्र. आईच्या कानात लावलं. आई म्हणाली, सिद्ध्या, माज्या कानात काय खुपसायलास रं? मशीनवर ‘लो’ आलं. लो म्हणजे कमी. ताप कमी. पेशंटला आणखी काय पाहिजे?

संध्याकाळी सुकेशनीने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. कानाच्या पडद्यातून उष्णतेचे किरण येतात म्हणे, ते त्या काचेपर्यंत पोचले पाहिजेत. कव्हर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ लागतं. तुमी तर मशीनला गोधडी पांघरलीव, म्हणाली.

नर्सिंगला ड्युरेबिलिटी हा विषय नसावा.

१ डिसेंबर
जमलं!! भाजीवाला कोथिंबीर घालून देतो ती पातळ पिशवी! नवीन बंडल आणलं, रिपेअरिंगच्या गरम हवेच्या गनने मऊ करून साच्यावर ओढलं, खाली रिंग चिकटवली. सुकेशनीकडे कंपनीचं एक कव्हर शिल्लक होतं. त्याने आईचा कान ९८.१. माझ्या कव्हरने ९७.९!

सुकेशनी हसली. माझ्याकडे बघून हसली, माझ्यावर नाही. असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, फार बरं वाटलं. म्हणाली, लय भारी जमलंय, आता ह्याला हात लावू नका.

२ डिसेंबर
हात लावू नका म्हणे. असंच म्हणत बसले असते तर माणूस अजून झाडावर असता.

पिशवीला बोट लागलं की फाटते. हे काय कव्हर झालं? डबल लेयर केला. डबल केला तर तिसरा काय वाईट? बाहेरून चमकी लावली, मुलांना आवडते. कडेला सुरकुत्या पडतात, पण त्याने ग्रीप येते. रीडिंग घेतलं नाही. कालच घेतलंय.

४ डिसेंबर
नाव सुचलं. आंघोळ करताना. ‘प्रोब कव्हर’ कोणाच्या तोंडात बसणार? मशीनच्या डोक्यावर बसतं आणि कानात जातं, म्हणून कानटोपी! वस्तूचं मूळचंच नाव वाटतं इतकं सोपं. बोर्ड करून घेतला : ‘कानटोपी! एकदा वापरा, फेकून द्या! फक्त एक रुपया!’

मॅडमच्या आधी मार्केट टेस्ट करायची. मोठ्या कंपन्या हेच करतात. उद्या ताडकळसचा आठवडी बाजार.

५ डिसेंबर
अभूतपूर्व गर्दी. बोर्ड लावून होत नाही तोच माणसं तुटून पडली. थंडी मरणाची आहे आणि एक रुपयात कानटोपी मिळतेय असं सगळ्यांना वाटलं. लोकरीची. डोक्यात घालायची.

मी माझी कानटोपी काढून तळहातावर ठेवली. एका बाईने निरखून बघितली आणि विचारलं, कोंबडीच्या पिलाला हाय का? दत्तराव नावाचे एक म्हातारे मात्र बोर्ड वाचून पेटले. टोपी येकदा घालून फेकून द्यायची? लय माज आलाय का तुमाला, म्हणाले. मी शांतपणे इन्फ्रारेड समजावत होतो. लोकांनी बोर्ड काढला तेव्हाही समजावतच होतो.

निष्कर्ष : मागणी प्रचंड आहे. बसमध्ये उभं राहून आलो. हातातल्या पिशवीत सगळा माल होता.

६ डिसेंबर
सकाळी अभिवादनाला जाऊन आलो. आज कव्हरचा विचार करायचा नाही असं ठरवलं. दुपारपर्यंत पाळलं.

९ डिसेंबर
सुकेशनीने मॅडमपुढे शब्द टाकला. दुसऱ्या कोणी टाकला असता का? मॅडम म्हणाल्या, सोमवारी, १५ तारखेला, ट्रायल घेऊ. प्रत्येक मुलाचा ताप तीनदा बघायचा : कंपनीच्या कव्हरने (मॅडम ओळखीच्या डॉक्टरांकडून मोजकीच उसनी आणणार), माझ्या कव्हरने आणि बगलेत काचेच्या थर्मामीटरने. निरोगी मुलं चालतील, पण ताप असलेला एक तरी पेशंट हवा. आकडे जुळले तर दवाखान्याची सगळी कव्हरं माझ्याकडून घेणार, आणि परभणीच्या डॉक्टरांनाही सांगणार.

म्हणजे दुकान वाचलं. फक्त आकडे जुळायचे राहिलेत.

सुकेशनी म्हणाली, माझं नाव राखा, त्या दिवशी केलं हुतं तसंच आणा. म्हटलं, त्याहून भारी आणतो.

११ डिसेंबर
अंगात वेगळीच ऊर्जा! सगळे स्वेटर घालून फिरतायत, मी बनियनवर. जेवण नको वाटतं. मोठमोठ्या संशोधकांची भूक अशीच मरते. दिवसभर नवीन कल्पना. कुत्र्यांसाठी कानटोपी. हत्तींसाठी (मोठी). रेल्वेच्या डब्यांसाठी पण काहीतरी.

१२ डिसेंबर
आईने हात धरला आणि म्हणाली, आरं, अंग तव्यावानी तापलंय तुजं. तिला नीट समजावलं की हाताला कॅलिब्रेशन नसतं. मशीनला माझी कानटोपी लावून कानात धरली : ९६.४. आईला आकडा दाखवला. ती म्हणाली, मशीनच्या कानात वारं शिरलंय.

सुकेशनी ड्युटीला निघताना म्हणाली, तुमचे डोळे लाल दिसायलेत, ताप बघा. तिलाही ९६.४ दाखवला. तिला बस गाठायची होती, निघून गेली.

१३ डिसेंबर
ट्रायलला तापाचा पेशंट शोधतोय. अख्ख्या पूर्णेत ताप असलेला माणूस मिळू नये? शेजारी विचारलं, स्टेशनवर विचारलं, चहाच्या गाड्यावर विचारलं. सगळे ठणठणीत. चहावाला माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. म्हणाला, तुमीच बसा जरा सावलीला.

हुडहुडी भरतेय. यशाची असावी. कानटोपीने बघितलं : ९६.१.

१५ डिसेंबर, सकाळी
आज!! रस्ता हलतोय, छान हलतोय. पंखा माझ्याकडे बघून मान डोलावतो. तो बंद आहे. सदरा उलटा घातला होता, सुलटा केला, मग परत उलटाच बरा वाटला. चमकीवाली कव्हरं डब्यात भरली. पूर्णा जंक्शनचं नाव बदलून कानटोपी जंक्शन करायला हरकत नसावी. आपण होऊन मागणी करायची नाही, पण आग्रह झाला तर बघू.

१७ डिसेंबर
पडून लिहितोय. हाताला सलाईन.

त्या दिवशी काय झालं ते लिहायलाच पाहिजे. आधी निरोगी मुलं. माझ्या कव्हरने सगळ्यांचे आकडे ९५ ते ९६. मी मॅडमना म्हणालो, बघा किती एकसारखे येतात. मग मी तापाचा पेशंट मिळाला नाही म्हणून माफी मागायला उठलो आणि खुर्ची धरून पुन्हा बसलो. सुकेशनीने माझ्या बगलेत काचेचा थर्मामीटर खुपसला. १०३. कंपनीच्या कव्हरने कानात १०४ च्या जवळ. माझ्या कव्हरने ९६.२.

तापाचा पेशंट मिळाला होता.

मी म्हणालो, माझ्या कव्हरने पेशंट घाबरत नाही, हा फायदा मोजा. मॅडम रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, हे कव्हर एखाद्या लेकराच्या कानात असतं तर मी त्याला बरं आहे म्हणून घरी पाठवलं असतं. सुकेशनी खाली बघत होती. तिला तशी उभी बघून मला लाज वाटली. डब्याला झाकण लावलं.

मग तिथल्याच मुलांच्या खाटेवर झोपवलं. पाय बाहेर येतात. भिंतीवर ससे. डब्यातली कव्हरं वॉर्डातल्या मुलांनी बोटांना घातली. चमकी खरंच आवडते.

२० डिसेंबर
टायफॉईड होता. ताप उतरला. सुकेशनीने कंपनीच्या कव्हरने बघितला, ९८.४. कुरिअर आलं म्हणाली.

बन्सीधर मोसंबी घेऊन आला होता. म्हणाला, दाजी, एक तारखेपासून या, लग्नसराई तोंडावर हाय, आपलाच माणूस पायजे. मी हो म्हणालो. सुकेशनीला बरं वाटेल असं वाटलं होतं. तिने पाठ फिरवली आणि मोसंबी सोलत बसली.

डोकं आता एकदम साफ आहे. सकाळपासून एकही कल्पना सुचलेली नाही.