अजून निघालेलो नाही

पडेगाव,
रविवार

तीर्थस्वरूप सांडूमामा यांना कारभारीचा दंडवत.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्हींत काही उतार आहे का ते कळवा. फोनच केला असता, पण तो मामी उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. म्हणून या जमान्यात पोस्टाची पायरी चढलो.

बातमी अशी, की वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी इंग्रजीच्या क्लासला जातो. वेरूळ पाहायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची गाडी चालवायची तर मालकाने तशी अटच घातली. शिकवायला सुलेखा मॅडम आहेत, माझ्या तनुजापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या. (तरी मी त्यांना घाबरतो.) रोजच्या बोलण्यातलं एकेक वाक्य त्या झालेलं, चाललेलं आणि व्हायचं अशा तिन्ही काळांत घोकून घेतात. घोळ झाला तो गृहपाठात. कुणाचाही फोन आला तरी आपण काय करतोय ते इंग्रजीत सांगायचं आणि खरं तेच सांगायचं, असा त्यांचा नियम. आता मामा, आपल्याकडे ड्रायव्हर माणूस पलंगावरून 'निघालोच' म्हणतो, चहा पिताना 'पोचलोच' म्हणतो, आणि ऐकणाराही त्यात अर्धा तास मिळवून घेतो. मंगळवारी मालकाचा फोन आला. पाहुणे हॉटेलच्या दारात उभे आणि मी अंगाला साबण लावून न्हाणीत. सवयीने 'आय हॅव स्टार्टेड' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडमचा चेहरा आठवला आणि 'आय हॅव नॉट स्टार्टेड, आय ॲम बाथिंग' असं बोलून गेलो. मालक म्हणाला, "कारभारी, वीस वर्षांत पहिल्यांदा एका ड्रायव्हरनं तो कुठंय ते मला सांगितलं. लई बरं वाटलं. पण आधी आंघोळ उरक." त्याने पाहुण्यांना नाश्त्याला बसवलं. मी पोचलो तेव्हा मंडळी पोट भरून खुशीत होती.

घरी मात्र हा नियम महागात पडतोय. बुधवारी बायकोने फोनवर विचारलं, कोथिंबीर घेतली का. मी म्हणालो, 'आय फरगॉट.' मराठीत मी शहागंजच्या गर्दीचं नाव घेतलं असतं, पण इंग्रजीत कारणं अजून शिकवलेली नाहीत. (ती पुढच्या महिन्यात आहेत.)

मामींना नमस्कार सांगा. ऐकून घेतील तेवढाच सांगा.

तुमचा भाचा,
कारभारी

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचं धाडस झालं नाही. दिवाळीनंतर मामींना डोळ्याच्या ऑपरेशनला फुलंब्रीहून मी आणायचं होतं. सकाळी नऊला मी 'निघालोच' म्हणालो आणि त्या मांडीवर पिशवी घेऊन दुपारी दोनपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या. मी तेव्हा भाडं घेऊन पैठणला होतो. तारीख हुकली. मला फार शरम वाटते, मामा. तुमच्या सुनेकडून कळलं की येत्या शुक्रवारची नवी तारीख मिळाली आहे. या वेळी मला नेऊ द्या.

आणखी एक. मी अजून निघालेलो नाही. शुक्रवारी सकाळी सहाला निघेन आणि निघाल्यावर फोन करीन, इंग्रजीत. मामींना म्हणावं, समजलं नाही तरी चालेल, फक्त फोन ठेवू नका. आणि माझी गाडी दारात दिसल्याशिवाय ओट्यावर येऊन बसू नका.