ओवाळणीत आलेली पिवळी गाडी

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

दादानं ओवाळणीत गाडी घातली.

थट्टा नाही. राखी बांधली, पेढा भरवला, तर ताटात अकरा रुपये आणि वर किल्ली. "प्रेमे, हिस्सा हिस्सा करतीस ना? घे. चौदा लाखाची हाय." मागं शिवांजली वहिनी उभी, तोंड शिवलेलं. हातात आमच्या आईच्या पाटल्या. त्या पाटल्या बघितल्या की माझं डोकंच उठतं.

चौदा लाखाची *होती*. नऊ वर्षांपूर्वी. तेव्हासुद्धा पुण्यातल्या कुणीतरी मन भरल्यावर विकलेली. येरमाळ्याच्या आमच्या रानाची पट्टी हायवेत गेली, पैसा आला, आण्णांनी तो सगळा रणधीरदादाच्या हातात दिला. दादानं ही आणली. परदेशी, पिवळी, बुटकी, कापडी छपराची, दोनच माणसांची! शेतकऱ्याच्या घरात दोन माणसांची गाडी. मला त्या पैशातून एक साडी मिळाली. पहिल्याच धुण्यात रंग गेला तिचा.

आण्णा गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी दर राखीला विचारते, माझं काय? आज उत्तर मिळालं.

१० ऑगस्ट

जैनोद्दीनचाचा दुकानात आले. अकरा वर्षं त्यांच्या गाळ्यात ब्लाउज शिवते, कधी वर आवाज केला नाही माणसानं. आज खुर्चीवर बसून राहिले, चहा थंड केला. गाळा विकायचाय त्यांना. मोबाइलवाला आठ लाख द्यायला तयार. "बेटी, पहिला हक तेरा. दिवाळी पाडव्यापर्यंत थांबतो. त्याच्या पुढं मला जमणार न्हाय."

माझ्याकडं साडेपाच आहेत. भिशीचे, मोडलेल्या साखळीचे, ह्यांच्या एसटीतल्या पगार-फरकाचे. अडीच कमी.

गाळा गेला तर कळंबमध्ये मला कोण विचारतंय? गिऱ्हाईक मापं विसरत नाही, पण पत्ता विसरतं.

म्हणजे आता त्या पिवळीलाच विकून अडीच काढायचे. दादा, तुझी ओवाळणी मी सोडणार नाही.

१२ ऑगस्ट

गाडी आली. चालत नाही, टेम्पोवर बांधून आली. बरोबर वहिनी. अंबाड्यात नेहमीची पेन्सिल खोचलेली, मागं लाल रबरवाली. बचत गटाची सचिव झाल्यापासून ती पेन्सिल म्हणजे हिचा तुरा!

कागदांचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणते, "ताई, सावकाश वाचून करा सह्या."

वाचून! मी बारावी आहे. ही दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. चहा अर्धा ठेवून गेली.

संध्याकाळी दादाचा फोन. "तुझ्या वहिनीनं पेन्सिलीनं फुल्या मारल्यात. फुली असंल तिथं सही कर, बाकी काय बघू नको. सगळं आरटीओचं हाय." मी म्हणलं, आधी गाडी चालू करून दे, मग सही. बंद गाडीवर सही करायला मी काय येडी आहे? पाकीट मशीनच्या खणात टाकलं.

हे ड्युटीवरून आले. एकवीस वर्षं एसटी चालवतात. गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "हिच्यात बसायचं का हिला पांघरायचं?"

१७ ऑगस्ट

रिजवान मेस्त्रीनं बॉनेट उघडलं. मग फडक्यानं हात पुसले. डॉक्टर स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवतो, तसं.

"भाभी, बॅटरी मेली. टायर दगड झालेत. ब्रेक जाम. सामान सगळं पुण्यातून, तेबी मागवल्यावर पंधरा दिवसांनी. बोलेरो असती तर संध्याकाळी घरी नेली असती तुमी." वरून छपराला हातभर चीर. आणि पंधरा वर्षं भरली, पासिंग संपलं. ते पुन्हा करायचं तर वेगळा कर, विमा, धाराशिवला चकरा.

खर्च सांगितला. दीड लाख.

२१ ऑगस्ट

लेकीनं, सृष्टीनं, गाडीचे फोटो नेटवर टाकले. दिवसभर फोन. पहिला: अॅव्हरेज किती देती? दुसरा: नवरदेवाला भाड्यानं मिळंल का? तिसऱ्याला गाडी नको, नुसता शेजारी उभा राहून फोटो पाहिजे. चौथा म्हणाला, काकू, साठ हजार देतो, भंगारात. भंगार तुझा बाप. असं म्हणलं नाही, पण ओठावर होतं.

लातूरचा दलाल एकटा कामाचं बोलला. "आहे अशी दीड लाख. टायर घालून, पासिंग करून, चालू द्या, अडीच देतो."

अडीच! नेमके अडीच. पण ते मिळवायला दीड लाखाचा खर्च. म्हणजे दीड घालायचे आणि एक जास्त मिळवायचा. शेंबड्या पोरालाही कळतं, हा धंदा नाही. ही गाडी जेवढं खाते तेवढी तिची स्वतःचीही किंमत नाही.

२२ ऑगस्ट

दादाला फोन केला. भांडायच्या तयारीनंच केला. म्हणलं, दीड लाख खर्च आहे, गाडी अजून तुझ्या नावावर आहे, पासिंग तूच करून दे. नाही तर सही नाही.

वाटलं, आता आयमाय काढेल. म्हणाला, "करून टाक. पैसे लावतो. तू सह्या तेवढ्या कर."

फोन खाली ठेवला. हा माणूस दिवाळीला पाव किलो फराळ घेऊन येतो, त्यातही चिवडा जास्त.

पाणी कुठंतरी मुरतंय. वहिनीचंच डोकं असणार. अंगण मोकळं पाहिजे असेल तिला, बचत गटाचे पापड वाळवायला.

२९ ऑगस्ट

पैसे आले खरंच. पूर्ण.

दर दोन दिवसांनी दादाचा फोन. तब्येत कशी, सृष्टीचं कॉलेज कसं, आणि शेवटी, "सह्या झाल्या का?"

७ सप्टेंबर

छपराला पुण्यात पंच्याण्णव हजार सांगितले. कापडाला! सोन्याची जर आहे का त्यात?

छप्पर उतरवून दुकानात आणलं. जाड सुई लावली, मेणाचा दोरा, आतून ताडपत्रीचं ठिगळ. चार सुया मोडल्या, पाचवी माझ्या बोटात. ब्लाउजं तशीच पडली, एक बाई चिडून परत गेली. पण शिवलं. अस्तर असं बसवलं की रिजवान म्हणाला, भाभी, कंपनीत जावा. मी म्हणलं, कंपनीला माझा दर परवडायचा नाही.

गाडीला शिव्या देतच शिवत होते. आण्णांची पट्टी, माझी साडी, आईच्या पाटल्या, टाक्याटाक्याला एकेकाला.

१५ सप्टेंबर

पासिंग झालं. हे घेऊन गेले धाराशिवला. दादा तिथं आधीच हजर, कागद घेऊन, घामाघूम. येताना प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं. ह्यांचे गुडघे छातीला लागलेले. म्हणाले, "साठ पॅसिंजर घेऊन घाट चढतो मी, पर असली शिक्षा न्हाय बघितली."

दादानं ह्यांनाही विचारलं. सह्या झाल्या का?

आता मला मजा यायला लागलीये. त्याला जितकी घाई, तितकी मी सावकाश.

२३ सप्टेंबर

पाऊस नाही हा, वैर आहे. रात्रीतून नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं. बाकीच्यांच्या गाड्या उंच. आमची ही महाराणी जमिनीला टेकलेली, सीटपर्यंत पाणी. मशीन आणि कपाट टेबलावर चढवलं म्हणून वाचलं.

दलालाला कळलं. "आता लाखाच्या वर न्हाय, ताई."

लाख! म्हणजे गाळा गेला. दीड लाख ओतले त्या डबड्यात, आणि ती पावसाळ्याच्या एका पाण्यात लाखावर आली. मी गाडीच्या दाराला लाथ घातली. पायच दुखला.

२५ सप्टेंबर

येरमाळ्यातली दादाची चारही एकर सोयाबीन पाण्याखाली. काहीच हाती लागणार नाही. फोनवर आवाज बसलेला.

मी गाडीचं सांगितलं. न सांगताही चाललं असतं, पण जीव जळत होता.

आज त्यानं साठ हजार पाठवले. गाडी वाळवायला.

रान सडतंय आणि हा गाडी वाळवतोय. ह्यांना म्हणलं, दादाच्या डोक्यावर परिणाम झालाय. हे भाकरी मोडत बसले.

६ ऑक्टोबर

दादा रडवेला. "प्रेमे, दिवाळीच्या आत सह्या कर गं. पाया पडतो तुझ्या."

चाळीस वर्षांत हा माणूस माझ्या पाया पडला नाही. भाऊबीजेलासुद्धा मीच वाकते. लहानपणी ह्याच्याच सायकलच्या दांड्यावर बसून मी कळंबच्या बाजाराला यायचे.

मग साडी आठवली. म्हणलं, गाडी चालू होऊ दे.

१७ ऑक्टोबर

चालू झाली! रिजवाननं वायरी सगळ्या बदलल्या. सीटची गादी मी उन्हात घातली, कव्हर नवं शिवलं. दलाल येऊन बघून गेला. वास घेतला, गालिचा उचलला, शेवटी दोन चाळीसवर आला. दहा हजार हे देतो म्हणाले, बोनसचे. दलाल पाडव्याला गाडी नेतो म्हणाला, पैसे रोख, कागद सह्यांसकट तयार पाहिजेत.

चाचांना सांगितलं. डोळ्यात पाणी आलं म्हाताऱ्याच्या. माझ्याही.

हिशेब फक्त एकदा मांडला. दादानं दोन लाख दहा हजार घातले. गाडी ठरली दोन चाळीसला. तेवढेच पैसे त्यानं माझ्या हातावर ठेवले असते तर? टायर नाही, पासिंग नाही, लाथ नाही. असं कोण करतं?

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सकाळी आंघोळ करून सह्यांना बसले. खणातून पाकीट काढलं. पाच कागद. चारवर पेन्सिलीची फुली. चार सह्या झाल्या.

पाचवा स्टॅम्पपेपर. त्याच्यावर फुली नाही. होती आधी, रबरानं खोडलेली. कागदावर नुसता खड्डा राहिलाय, बोट फिरवलं की लागतो.

फुली नाही तर हा इथं कशाला, म्हणून वाचला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

"माझा वडिलोपार्जित मिळकतीमधील संपूर्ण हिस्सा मला मोटारगाडीच्या रूपाने मिळाला असून मौजे येरमाळा येथील चार एकर क्षेत्रावर माझा कसलाही हक्क राहिलेला नाही. सदर क्षेत्राच्या विक्रीस माझी संमती असून मी रजिस्ट्रीस हजर राहीन."

खाली घेणाऱ्याचं नाव. हॉटेल बांधणाराय कुणीतरी, हायवेला लागून. रक्कम एक कोटी दहा लाख.

तीनदा वाचलं. सातबाऱ्यावर माझं नाव आहे अजून, कागदातच लिहिलंय. वारस म्हणून लागलेलं, कुणी काढलंच नाही. मलाच माहीत नव्हतं. माझ्या सहीशिवाय ती जमीन जागची हलत नाही.

आता कळलं टायर कशाचे होते. साठ हजार कशाचे होते, "पाया पडतो" कशाचं होतं. गाडीची किंमत तो कधी बघतच नव्हता. माझ्या सहीची किंमत लावली होती त्यानं, ती दोन लाख दहा हजार. माझ्या पाठच्या भावानं नाही, थोरल्यानं, दांड्यावर बसवणाऱ्यानं!

लक्ष्मीपुढं बसून रडले. राग होता का काय होतं, मला नाही माहीत.

२२ ऑक्टोबर, पाडवा

पिवळी गेली. दलाल पहिल्याच स्पीडब्रेकरला घासला. चाचांना पैसे दिले, त्यांनी सृष्टीच्या हातावर साखर ठेवली.

दादाचा फोन. "पाचवा कागद कुठाय?"

म्हणलं, त्याच्यावर फुली नव्हती. तूच म्हणालास, फुली असेल तिथं सही कर, बाकी काय बघू नको.

मग घरात ओरडला, "शिवांजली!" आणि फोन कट.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादा आला नाही. ताट तसंच.

दुपारी फोन आला, वहिनीचा. उभ्या जन्मात पहिला. मला ती पेन्सिल आठवली, लाल रबराची. आणि "सावकाश वाचून करा". विचारलं, मारलं का तुला?

"न्हाय ओ ताई. नुसतं वरडले." मग म्हणाली, "म्या माझ्या माहेरी न वाचता सही केली हुती. मला तर गाडीबी न्हाय मिळाली."