वाढत्या अंगाचा वेटसूट

१४ सप्टेंबर, रविवार
इरा आज दोन तास पाण्यात. मी गाडीत, काचा वर, हीटर चालू. स्ट्रँडहिलला किनाऱ्यावर मोठी पाटी आहे, इथे पोहायला बंदी. आणि तिच्याच शेजारून पंधरा पोरं बगलेत सर्फबोर्ड मारून खुशाल आत शिरतात. पोहायचं नाही, पण लाटेवर उभं राहायला हरकत नाही! अकरा वर्षं झाली, या देशाचं लॉजिक मला कळलेलं नाही.

पण येताना ती बोलली. आपणहून. जुलैत डब्लिनचं ओंगार सोडून स्लायगोला आलो तेव्हापासून गाडीत खिडकीबाहेर बघत बसणे हाच कार्यक्रम होता. आज ईफा नावाची मैत्रीण, लाट कधी सोडायची, कधी धरायची, सगळं इंग्रजीत, घरापर्यंत. मी मध्ये एक अक्षर काढलं नाही. न जाणो, बंद पडायची.

१७ सप्टें., बुध.
निखिलचा फोन. नवरा माझा सोम ते गुरु डब्लिनला, चेरीवूडच्या ऑफिसात, मुक्काम मित्राकडे. म्हणाला, "आपण शब्द दिलाय, विसरू नकोस."

विसरेन कशी? माझ्याच नोकरीसाठी आलोय इथे. इराला सांगितलंय, जानेवारीपर्यंत बघू. तुझं मन नाहीच रमलं तर मी नोकरी सोडेन आणि परत जाऊ. ओंगारचं घर तेवढ्याचसाठी जानेवारीअखेरपर्यंत भाड्याने दिलंय. तेरा वर्षांच्या मुलीला दिलेला शब्द. मोडला तर ती आयुष्यभर लक्षात ठेवेल. मी ठेवलेत माझ्या आईचे.

पण ही नोकरी मला हवी आहे. इथे लिहायला काय हरकत. फार हवी आहे.

२१ सप्टें., रवि.
इराच्या सर्फ क्लबची कोच डिअरड्रा भेटली. पन्नाशीची, केस मिठाने ताठ. क्लबचे सूट पातळ, उन्हाळ्याचे. नोव्हेंबरपासून ज्याचा स्वतःचा जाड सूट असेल तोच पाण्यात. "नाहीतर एप्रिलमध्ये भेटूच, नो बॉदर."

एप्रिल! जानेवारीत निकाल आहे माझा.

२४ सप्टें., बुध.
तीन दिवस वेटसूटचा अभ्यास. एक्सेल शीट झालीच. नि. फोनवर हसला. हसू दे.

समजलं ते असं. सूट पाणी अडवत नाही, थोडं आत येतंच; ते अंगाच्या उबेने कोमट होतं आणि तेच ऊब धरतं. ५/४ म्हणजे छाती-पोटाला पाच मिलिमीटर, हातापायाला चार. आयर्लंडच्या हिवाळ्याला तोच, टोपीसकट. शिवणी आधी चिकटवलेल्या, मग आरपार भोक न पाडता शिवलेल्या हव्यात. हे मला एका झटक्यात कळलं. कारखान्यात दिवसभर दुसरं काय करते? कॅथेटरचे सांधे गळतात का ते बघते.

४ ऑक्टो., शनि.
दुकान. ब्रेंडन नावाचा माणूस, मोजून चार वाक्यं बोलला. इराला सूट चढवायला वीस मिनिटं! पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय सरकवायचा, मग पिशवी ओढून काढायची. ती लालबुंद. मी एका बाजूने ओढतेय, ती दुसरीकडून. ब्रेंडन म्हणाला, "परफेक्ट."

परफेक्ट कसलं! कुठे चिमूटभर कापड धरता येईना. पोरगी ताडासारखी वाढतेय, ईस्टरला हा सूट फेकायचा का? "विचार करून येतो," म्हटलं आणि सटकलो. घरी येऊन तोच सूट ऑनलाइन मागवला. दोन साइझ मोठा.

इरा: "बट युअर मॅन सेड..."
मी: "युअर मॅनला मुलं नसतील." (इथे 'युअर मॅन' म्हणजे नवरा नव्हे, 'तो माणूस'.)

आम्ही भावंडं वाढत्या अंगाच्या कपड्यांत वाढलो. माझ्या शाळेच्या स्कर्टची दुमड पाचवीपासून आठवीपर्यंत दर जूनमध्ये थोडी थोडी उसवली जायची. काही बिघडलं नाही.

२० ऑक्टो., सोम.
नरकचतुर्दशी. अंधारात इराला उठवून तेल, उटणं. कुरकुरली, पण बसली. सूट वेळेवर आला, म्हणून दिवाळीचे कपडे तेच. पाटावर ठेवला, कॉलरच्या आत कुंकवाचं बोट लावलं. पाच मिलिमीटर रबराला औक्षण! इराने फोटो काढून ईफाला पाठवला. अंगात घालून घरभर फिरली. बाह्यांना दोन दुमडी घातल्या, पाठीवर थोडा फुगा. म्हटलं, भरेल अंग.

"इट्स ग्रँड, आई." इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, 'ठीक आहे'.

शाळेच्या सुट्टीत क्लबबरोबर दोनदा जायची आहे. मी कामावर, ईफाची आई नेईल.

२ नोव्हें., रवि.
नीट लिहिते.

आज मी नेलं. पाण्यात जाऊन वीस मिनिटं झाली नाहीत तोच डिअरड्रा इराला धरून बाहेर घेऊन आली. मी गाडीतून पळाले. ओठ निळे, दात वाजतायत, बोटांनी चेन धरता येईना. डिअरड्राने घोट्यापाशी सूट वर केला आणि आतून बदाबदा पाणी पडलं. बादलीभर. प्रत्येक लाटेला मानेतून गार पाणी आत, कोमट झालेलं बाहेर. मोठ्या सूटमध्ये पाणी थांबतच नाही. माझ्या एक्सेलमध्ये हे होतं! पहिल्याच ओळीत होतं!

डिअरड्रा रागावली नाही, ते जास्त लागलं. "शी कान्ट गो आउट इन दॅट, लव्ह. नॉट टिल एप्रिल." 

गाडीत दुलईत गुंडाळून बसवली, फ्लास्कमधला चहा पाजला. विचारलं, सुट्टीत दोनदा गेलीस तेव्हा? तेव्हाही असंच. दोन्ही वेळा कुडकुडत होती. मग सांगितलं का नाहीस?

"यू पुट द कुंकू ऑन इट."

मला गाडी सुरूच करता येईना.

३ नोव्हें., सोम.
कामावर एक अख्खा लॉट परत पाठवला. सांध्यात केसभर फरक. पोरांना वाटलं बाई फारच कडक. केसभर फरकाला लॉट नाकारणारी ही बाई, आणि स्वतःच्या मुलीच्या अंगाला दोन साइझची सूट देते. कुणाला सांगायचं!

इरा पुन्हा खिडकीबाहेर. जेवताना म्हणाली, नवा सूट नको, काय करायचाय, "वी आर गोइंग बॅक एनीवे."

भांडी घासताना रडले. इराला माझं ओझं झालं, मला वाईट वाटू नये म्हणून पोरगी गारठत राहिली. नोकरी गेली खड्ड्यात, हे जास्त वाईट आहे.

५ नोव्हें., बुध.
तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "चुकले. ब्रेंडनचं ऐकायला हवं होतं आणि तुझंही." ती म्हणाली, "इट्स ग्रँड." म्हटलं, "ग्रँड म्हणू नकोस. गार लागलं तर गार लागलं म्हणायचं. कुंकू लावलं असलं तरी."

"ओके. देन धिस रूम इज फ्रीझिंग."

रेडिएटर सुरू केला. हसलो दोघी.

८ नोव्हें., शनि.
नि.ही आला. ब्रेंडनने मला ओळखलं. मी सरळ सांगून टाकलं. म्हणाला, सगळे आईबाप तेच करतात. हे खरं की माझी समजूत काढली, माहीत नाही.

या वेळी मी हात मागे बांधून उभी राहिले. त्यानेच इराला दाखवलं काय बघायचं: कमरेच्या खळग्यात पोकळी नको, काखेत नको, मान वळवली तर कॉलर उघडता कामा नये. हात वर करून वल्हवून बघ. खाली बस. श्वास घे. पहिला ऊबदार होता पण काखेत फुगत होता. दुसरा मऊ, फार ताणणारा. ब्रेंडनच म्हणाला, मऊ तो लवकर विरतो. तिसरा किंचित कडक, आतून शिवणींवर पट्टी, गुडघ्याला जाड अस्तर. इराने पाच मिनिटं उठाबशा काढल्या.

"धिस वन."

मी विचारलं, "टिकेल किती?" ब्रेंडन म्हणाला, सूट लाटांनी फाटत नाहीत, नखांनी फाटतात. बोटांच्या पेरांनी ओढायचा, गोड्या गार पाण्यात धुवायचा, ऊन आणि हीटर दाखवायचा नाही. जीभ चावली, पण इरा वाढली की या सूटचं काय, हे विचारलं नाही.

मोठा सूट ऑनलाइनवाले परत घेत नाहीत, समुद्रात जाऊन आलाय.

१६ नोव्हें., रवि.
सव्वा तास! मी गाडीत नव्हते, वाळूत उभी होते, वारा कानात. बाहेर आली तेव्हा डोक्यावरून टोपी काढली आणि केसांतून वाफ निघाली. खरी वाफ, कुकरसारखी. ओठ गुलाबी. मी हात लावून बघितले, सगळ्यांसमोर. "आई, स्टॉप!" ईफा हसत होती.

डिअरड्राने लांबून अंगठा दाखवला.

३० नोव्हें., रवि.
नव्या सूटला मांडीपाशी चीर. अपराधी मी, धुताना नख लागलं. आता घरात कळलं तर... पण इराच म्हणाली, यू डू धिस फॉर अ लिव्हिंग. खरंच की. कडा पुसल्या, दोन्ही बाजूंना पातळ गोंद, सुकू दिला, पुन्हा गोंद, मग कडेला कड. माझ्या हातचा सांधा आहे, गळणार नाही.

मोठा सूट जिन्याच्या कठड्यावर कमरेत दुमडून लटकतोय. नि. म्हणतो, "या पाहुण्याचा मुक्काम किती दिवस?" टाकून कसा द्यायचा, नवा कोरा. इराने माझ्याकडे बघितलं, सूटकडे बघितलं.

"आई. स्टँड बिसाइड इट."

उभी राहिले. खांदे बरोबर, पाय बरोबर.

नाही म्हणजे नाही, म्हटलं.

७ डिसें., रवि.
प्लॅस्टिकच्या पिशव्या. वीस मिनिटं. इरा ओढतेय, नि. दाराबाहेर हसतोय. कमरेच्या खळग्यात पोकळी नाही, काखेत नाही. इराने चिमटे काढून तपासलं. वजन वाढवल्याचा पहिल्यांदा फायदा झाला. कॉलर उघडून बघितली, कुंकवाचं बोट धूसर दिसतंय अजून.

"सो, यू आर द वाढतं अंग," इरा म्हणाली. तो शब्द हिने कधी ऐकला?

२८ डिसें., रवि.
गेले. कमरेपर्यंत.

मला पोहता येत नाही, म्हणून डिअरड्राने उथळ जागी, सगळ्या नवख्यांबरोबर. इराने हाताला धरून नेलं. पहिली लाट आली, मानेतून एक गार रेघ पाठीवरून खाली उतरली, मी किंचाळले. मग थांबली. मग कोमट झाली! एक्सेलमध्ये लिहिलेलं अंगावर कळलं. मी तिला ओरडून सांगितलं, "कोमट झालं!" ती म्हणाली, "आय नो!" आणि इतकी मोठ्यांदा हसली की ईफा वळून बघायला लागली.

उभी-बिभी राहिले नाही. फळीवर पोटावर आडवी, दोन लाटा किनाऱ्यापर्यंत. त्रेचाळीस वर्षांची घोरपड. इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

११ जाने., रवि.
दाराच्या चौकटीला इराची उंची मोजली. सप्टेंबरची पेन्सिलची रेघ खाली राहिली, चांगली दोन बोटं. माझ्या तोंडून निघालंच, "म्हणजे सूट..."

"इट्स स्टिल फाइन." मग फ्रिज उघडता उघडता, पाठ माझ्याकडे: "आय विल नीड अ न्यू वन नेक्स्ट विंटर दो."

मी काही विचारलं नाही. पुढचा हिवाळा कुठला, कोणत्या गावातला. ओंगारपासून समुद्र काही लांब नाही, डब्लिनलाही लोक पाण्यात जातातच, असंही तिच्या मनात असेल. दूध घेतलं, गेली वर.

नि. संध्याकाळीच डब्लिनला गेला, आत्ता त्याचा मेसेज. ओंगारचे भाडेकरू विचारतायत, घर सोडायचं की ठेवायचं, काय कळवू?

इराला विचारायचंय, मी तिच्या वतीने उत्तर देणार नाही. वरून तिचीच हाक आली, शनिवारी भरती अकराला आहे, तुझे पाण्यातले बूट कुठे ठेवलेस? त्याला लिहिलं, शनिवारनंतर कळवते. दोन्ही सूट शेजारी शेजारी वाळतायत, तिचा अजून थोडा ठिबकतोय.