गॅलरीवर घातलेल्या दगडाबाबत

मी, बांधकाम साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली विधवा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही न सांगता हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वीचे रद्द समजावे.

राहते घर व बँकेतील शिल्लक सुनेला द्यावी. माझा मुलगा हयात नाही. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील.

रस्त्याकडच्या बाजूला पुन्हा गॅलरी काढायची झाल्यास ती लाकडाचीच असावी. पूर्वीची तशीच होती. माझ्या धाकट्या दिरांनी, जे स्वतः कंत्राटदार आहेत, फळ्या काढून तिथे तेवढ्याच जाडीचा ग्रॅनाइट घातला. मी म्हटले होते, "भाऊजी, दगड लाकडाच्या चौपट भरतो. खालचे वासे मात्र तेच आहेत."

"वहिनी, लॅब सुटली आता तुमची," असे म्हणून ते हसले. मुलगा काकांचा शब्द खाली पडू देत नसे. फरश्या त्यानेच वर चढवल्या.

वासे कडाडले तेव्हा सून खाली कपडे वाळत घालत होती. मुलाने धावत जाऊन तिला ढकलले. ती वाचली.

एकाच मापाचे माझे पाच ठोकळेही सुनेला द्यावेत: सागवान, वीट, काँक्रीट, ग्रॅनाइट, लोखंड. आकाराने सारखे, पण वीट सागवानाच्या तिप्पट, काँक्रीट त्याहून जड, लोखंड तर बारापट. घराला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर हे एकेक करून ठेवावेत, मगच बोलणी करावीत.

परसात उरलेल्या फरश्या फोडून खडी करावी. त्यांचा ओटा कोणाच्याही घरात होऊ नये.

दिरांना काहीही देऊ नये, एक वाटीसुद्धा नाही. राग गेला असे लिहिले तर ते खोटे होईल. मात्र मी गेल्यावर ते आले तर त्यांना दारात अडवू नये.

ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे कळले. म्हणून दिरांनाच बोलावले. त्यांनी हे सगळे वाचले. मग म्हणाले, "वहिनी, यातला एक शब्दही खोडू नका. पेन द्या."

स्थळ: राहते घर. दिनांक सहीखाली घातला आहे.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: धाकटे दीर (सही)